शब्द, अर्थ आणि शेजार : 'सायलस मार्नर'चे एक वाचन

१

जॉर्ज इलियट या टोपणनावाने लेखन करणाऱ्या मेरी ॲन इव्हॅन्स (१८१९–१८८०) हिची 'सायलस मार्नर' ही कादंबरी १८६१ साली प्रसिद्ध झाली. लेखिकेच्या इतर कादंबऱ्यांच्या मानाने ती आकाराने लहान आहे. एकवीस प्रकरणे आणि एक उपसंहार एवढाच तिचा पसारा. या आटोपशीरपणामुळे ती शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत दीर्घकाळ टिकून राहिली, आणि नेमलेल्या पुस्तकांच्या वाट्याला जे दुर्दैव हमखास येते ते तिच्याही वाट्याला आले : वाचण्यापूर्वीच तिचे तात्पर्य सर्वांना ठाऊक झाले. एका कंजूष विणकराचे सोने चोरीस जाते. त्याच्या जागी सोनेरी केसांचे एक मूल येते. आणि त्या मुलाच्या मायेने विणकराच्या आटलेल्या जीवनाला पुन्हा पाझर फुटतो. एफ. आर. लीव्हिस यांनी 'द ग्रेट ट्रॅडिशन' (१९४८) या ग्रंथात या कादंबरीचा गौरव केला खरा. पण तो एक मोहक, परंतु गौण श्रेणीतील उत्तम कृती म्हणून. नीतिकथा हेच तिचे रूप त्यांनी मानले होते.

वरील सारांश खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि तो जे गाळतो त्यातच कादंबरीचे मर्म आहे. मूल सायलसच्या घरात येते ते बाराव्या प्रकरणात. तत्पूर्वी, सातव्या प्रकरणात, तो पंधरा वर्षांत प्रथमच आपले दुःख घेऊन गावकऱ्यांच्या बैठकीत शिरतो, आणि दहाव्या प्रकरणात एक शेजारीण त्याच्या दारी येते. मूल आल्यानंतरही ते वाढते ते शेजाराच्या आधाराने. कादंबरीची ही मांडणी योगायोगाची नव्हे. माणूस माणसाशी जोडला जातो तो नेमका कशामुळे, हा तिचा मूळ प्रश्न आहे. भाषेच्या अभ्यासकाला तर तो विशेष जिव्हाळ्याचा वाटावा, कारण कादंबरीतील एका पात्राने तो सरळ सरळ भाषेचा प्रश्न म्हणूनच विचारला आहे.

२

हे पात्र म्हणजे रॅव्हेलो गावचा शिंपी आणि तेथील चर्चचा वयोवृद्ध कारकून मॅसी. सहाव्या प्रकरणात 'रेनबो' या मद्यगृहात गावकरी जमले आहेत. आधी एका गाईवरून वाद होतो, शेवटी भुते असतात की नाहीत यावर गाडी येते, आणि या दोहोंच्या मध्ये मॅसी आपली नेहमीची गोष्ट सांगतो. श्रोत्यांनी ती अनेकदा ऐकलेली आहे. कोणत्या जागी कोणता प्रश्न विचारायचा हेही त्यांना पाठ आहे. गोष्ट अशी : लॅमीटर यांच्या लग्नात वृद्ध धर्मोपदेशक ड्रमलो यांनी वधूवरांना विचारावयाचे प्रश्न उलटसुलट केले. वधूविषयीचे शब्द वराकडे आणि वराविषयीचे वधूकडे गेले. दोघांनीही होकार दिला, आणि ही चूक मॅसीखेरीज कोणाच्याच ध्यानात आली नाही. तेव्हापासून त्याच्या मनाला टोचणी लागली : लग्न लागते ते शब्दांमुळे की त्यामागील अर्थामुळे? शब्दांमुळे म्हणावे तर हे लग्न लागलेच नाही. अर्थामुळे म्हणावे तर मनात अर्थ धरूनही एखादा विधी लटका पडू शकतो. त्याने ड्रमलो यांनाच विचारले. त्यांनी दोन्ही पर्याय निकालात काढले आणि नोंदवहीतील नोंद हेच खरे बंधन असल्याचा निर्वाळा दिला.

या प्रसंगाकडे सामान्यतः ग्रामीण विनोदाचा विसावा म्हणून पाहिले जाते. परंतु जे. एल. ऑस्टिन यांची 'हाउ टु डू थिंग्ज विथ वर्ड्स' ही व्याख्याने १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा विवाहविधीतील होकार हेच त्यांच्या विवेचनाचे एक प्रमुख उदाहरण होते. काही उच्चारणे वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत. ती उच्चारणे हीच एक कृती असते, आणि ती कृती साधण्याच्या किंवा फसण्याच्या काही अटी असतात. शंभर वर्षांपूर्वी मॅसीच्या भाबड्या तोंडून लेखिकेने हाच प्रश्न उभा केला होता. मराठी भाषकाला तर यात अपरिचित असे काहीच नाही. निरोप घेताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. शब्द क्रियेच्या नेमका उलट असतो; तरीही ऐकणारा गोंधळत नाही, आणि कोणी अर्थाला धरून 'जातो' म्हटले तर घरातील वडील माणूस त्याला हटकतो. येथे शब्द खोटा आणि व्यवहार खरा असतो.

मॅसीच्या गोष्टीत बंधनाचे तीन दावेदार पुढे येतात : अर्थ, शब्द आणि नोंद. पुढील कथानकाकडे पाहिले असता असे दिसते की कादंबरी या तिघांचीही एकेक करून परीक्षा घेते. तिचा स्वतःचा निर्णय मात्र ड्रमलो यांच्या निर्णयाहून वेगळा आहे.

३

पहिली परीक्षा अर्थाची, आणि तिचे स्थळ लँटर्न यार्ड. उत्तरेकडील एका औद्योगिक शहरातील या गल्लीत एका लहानशा पंथाचे प्रार्थनास्थळ आहे. सायलसचे तारुण्य येथे गेले. हे लोक परस्परांना बंधू मानतात, एकमेकांच्या आत्म्याची विचारपूस करतात, मरणासन्न सभासदाच्या उशाशी पाळीपाळीने रात्र जागवतात. तेव्हा संबंधांचा अभाव हे लँटर्न यार्डचे वैगुण्य नाही. उलट रॅव्हेलोपेक्षा तेथील बंध अधिक घट्ट आहे. 'माणसाला माणूस भेटला की जखमा भरतात' असे ढोबळ सूत्र जे या कादंबरीतून काढतात, त्यांनी हे आरंभीचे प्रकरण पुन्हा वाचावे. जखम होते तीच मुळी या घट्ट बंधातून.

या समाजाचे वैशिष्ट्य असे की तेथे प्रत्येक गोष्टीला एकच निश्चित अर्थ असावा लागतो, आणि तो अर्थ सर्वांनी मान्य करावा लागतो. सायलसला काष्ठवत् मूर्च्छेचा विकार आहे. प्रार्थनेच्या वेळी प्रथम ती मूर्च्छा आली तेव्हा तिचा अर्थ ईश्वरी कृपा असा लावला गेला. त्याचा जिवलग मित्र विल्यम डेन याला मात्र पुढे तिच्यात सैतानाचा स्पर्श दिसू लागला. ती केवळ मूर्च्छा असू शकेल, हा पर्याय कोणालाच सुचत नाही. पंथाच्या पैशांची चोरी होते, सायलसचा चाकू त्या जागी सापडतो, आणि न्याय करण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या जातात. चिठ्ठी म्हणजे ज्यात संदिग्धतेला वावच नाही अशी भाषा : होय किंवा नाही. ती सायलसला दोषी ठरवते. ज्याने सारा विश्वास शब्दाच्या अर्थावर ठेवला होता त्याला आता एकच मार्ग उरतो. वाक्य खोटे निघाले, तेव्हा बोलणारा ईश्वरही खोटा. त्याच्या वाग्दत्त वधूचा विवाह विल्यमशी होतो आणि सायलस गाव सोडतो.

रॅव्हेलोत आल्यावर पंधरा वर्षे तो जवळजवळ शब्दांवाचून जगतो. त्याचा माग बोलतो, तो बोलत नाही. याच काळातील एक लहानसा प्रसंग लक्षणीय आहे. बारा वर्षे ज्या मातीच्या भांड्यातून त्याने विहिरीचे पाणी आणले ते एके दिवशी फुटते. त्याचे तुकडे जुळवून तो ते भांडे, पाणी धरणार नाही हे ठाऊक असूनही, त्याच्या नेहमीच्या जागी पुन्हा उभे करून ठेवतो. उपयोग संपला तरी जागा रिकामी राहू नये, ही ओढ त्याच्यात शिल्लक आहे. त्याच्यातील मायेचा ओलावा पूर्णपणे आटलेला नव्हता, असे लेखिकाही येथे सांगते. जो माणूस पुढे शेजाराच्या स्पर्शाने सावरणार आहे, त्याच्यात सावरण्याची शक्यता आहे याची खूण वाचकाला येथे मिळते.

४

दुसरी परीक्षा शब्दांची. सोने चोरीस गेल्यावर सायलस पावसात भिजत 'रेनबो'मध्ये येतो तो नेमका भुतांचा वाद रंगात आला असताना, आणि क्षणभर सर्वांना तो भूतच वाटतो. पण त्याला शेकोटीजवळ बसवले जाते, भिजलेला कोट काढायला लावले जाते आणि त्याची हकीकत ऐकून घेतली जाते. ऐकणाऱ्यांना ती नीट समजते असे नाही. तो जेम रॉडनीवर आळ घेतो. निरपराध माणसावर आळ घेऊ नये असे मॅसी त्याला बजावतो, आणि त्या एका वाक्याने सायलसच्या मनात लँटर्न यार्डची आठवण जागी होते. तो जेमची क्षमा मागतो. जे वाक्य पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी त्याच्यासाठी बोलावयास हवे होते ते आज त्याच्याविरुद्ध बोलले जाते, आणि त्यातूनच तो माणसात येऊ लागतो. मॅसीला यातले काहीही ठाऊक नाही. वक्त्याच्या मनात नसलेला अर्थ श्रोत्याच्या आयुष्यात जाऊन फळतो, हा या कादंबरीतील भाषाव्यवहाराचा नमुना म्हणावा लागेल.

मात्र शेजाऱ्यांच्या शब्दांविषयी लेखिका भाबडी नाही, हे येथेच नमूद केले पाहिजे. चोरीनंतर गावकरी सायलसचे सांत्वन करू लागतात ते बहुधा ओबडधोबड असते. धर्मोपदेशक क्रॅकनथॉर्प त्याला सुनावतात की पैशावर फार जीव ठेवल्यामुळे आणि चर्चला न आल्यामुळे हे घडले असावे. मॅसी त्याच्याच घरी बसून त्याला समजावतो की तू दिसतोस तितका वेडा नाहीस. या ठिकाणी निवेदिका एक मार्मिक भेद करते. शेजाऱ्याकडे खाण्याचा पदार्थ पाठवता येतो आणि त्यात आपल्या अहंकाराची चव उतरत नाही. सांत्वनाचे शब्द मात्र तोंडातून निघेपर्यंत गढूळ होतातच. हा भेद मान्य केला तर प्रस्तुत विवेचनाचा पायाच डळमळेल. जोडते ते अन्न, शब्द नव्हे, असा निष्कर्ष त्यातून निघेल.

परंतु या शंकेचे उत्तर त्याच प्रकरणात डॉली विन्थ्रॉपच्या रूपाने येते. चाके घडवणाऱ्या सुताराची ही बायको. कोणाच्या घरी आजार किंवा मरण असले की तिथे ती असायचीच. ती आपल्या लहान मुलाला, एरनला, घेऊन सायलसकडे येते आणि चरबी घालून भाजलेले केक त्याला देते. त्या केकवर अक्षरे टोचलेली आहेत : आय्. एच्. एस्. डॉलीला वाचता येत नाही. चर्चमधील व्यासपीठावरच्या वस्त्रावर ती अक्षरे आहेत, तिच्या सासूपासून चालत आलेल्या साच्यात ती आहेत. मॅसीने ती अनेकदा वाचून दाखवली तरी तिच्या लक्षात राहत नाहीत. ती चांगली असली पाहिजेत, एवढेच तिला माहीत आहे. सायलसला अक्षरे वाचता येतात, पण त्यांचा अर्थ त्यालाही सांगता येत नाही. भाषेच्या अभ्यासकाला यात आणखी एक गंमत दिसते. ही अक्षरे मूळ ग्रीक. येशूच्या ग्रीक नावातील पहिली तीन अक्षरे रोमन अक्षरांसारखी दिसतात म्हणून रोमन मानून वाचली गेली, आणि मग त्यांचे निरनिराळे लॅटिन विस्तार कल्पिले गेले. म्हणजे या तीन अक्षरांच्या बाबतीत साक्षर परंपरेलाही निरक्षर डॉलीला हसण्याचा अधिकार उरत नाही.

केकवरची ही अक्षरे म्हणजे अन्न आणि शब्द यांचा मेळ. अन्नाला शब्दाची खूण आहे, आणि शब्दाला अन्नाचा निर्मळपणा लाभला आहे, कारण त्याचा अर्थ देणाऱ्याच्या हातीच नाही. आपल्याकडे शेजाऱ्याने पाठवलेली वाटी रिकामी परत करू नये असा संकेत आहे. वाटीत काय परत पाठवायचे हे गौण; वाटी रिकामी न पाठवणे हेच तिचे बोलणे. सायलस वाटीत काही घालू शकत नाही; तो बिचारा त्या केकमधला एक तुकडा एरनला देऊ करतो. पण तेवढ्याने देवघेव सुरू होते.

या भेटीतील संभाषण अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर जवळजवळ सर्वस्वी फसलेले आहे. डॉली 'चर्च' म्हणते. सायलस सांगतो की आपण चर्चला कधी गेलो नाही, 'चॅपल'ला जात होतो. हा शब्द डॉलीने कधी ऐकलेला नाही, आणि ती जागा एखादे वाईट ठिकाण तर नसेल, या भीतीने ती पुढे विचारतही नाही. दोघेही एकाच धर्माचे, एकाच भाषेचे. तरी पारिभाषिक शब्दांनी त्यांच्यात भिंत उभी आहे. असे असूनही ही भेट निष्फळ ठरत नाही. ब्रॉनिस्लॉ मॅलिनॉव्हस्की यांनी १९२३ साली भाषेच्या ज्या व्यवहाराकडे लक्ष वेधले, ज्यात शब्दांचा उपयोग विचार पोचवण्यासाठी होत नसून सहवासाची गाठ बांधण्यासाठी होतो, आणि ज्याला पुढे १९६० साली रोमान याकबसन यांनी भाषेच्या कार्यांत स्वतंत्र स्थान दिले, तो व्यवहार हाच. 'जेवण झालं का?' या प्रश्नामागे भोजनाची माहिती मिळवण्याचा हेतू क्वचितच असतो. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. मॅलिनॉव्हस्कींच्या वर्णनात असे बोलणे सहवासापाशी थांबते. डॉलीचे बोलणे तेथे थांबत नाही, ते अर्थाची वाट मोकळी करते. त्या वाटेने अर्थ यायला मात्र सोळा वर्षे लागतात.

डॉलीच्या भाषेतील आणखी एक विशेष येथे पाहण्यासारखा आहे. ईश्वराचा उल्लेख ती अनेकवचनी सर्वनामाने करते. निवेदिका खुलासा करते की यात पाखंड नाही. ईश्वराशी फार सलगी दाखवू नये म्हणून तिने योजलेली ही रीत आहे. आदरार्थी अनेकवचनाची सवय असलेल्या मराठी वाचकाला हा खुलासा लागणार नाही. लागलाच तर उलट प्रश्न पडेल, कारण मराठीत वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' आणि विठ्ठलाला 'तू' म्हणण्याचीच परंपरा आहे. वारकरी सलगीने जवळीक साधतो, डॉली दुराव्याने आदर राखते. दोन्हीकडे वचनाचे व्याकरण तत्त्वज्ञानाचे काम करीत असते, आणि दोन्हीकडे वक्त्याला त्या तत्त्वज्ञानाची व्याख्या करता येण्याची गरज नसते.

५

तिसरी परीक्षा नोंदीची. जमीनदार कॅस यांचा थोरला मुलगा गॉडफ्री याने मॉली फॅरन हिच्याशी गुप्तपणे विवाह केला आहे. विवाह कायदेशीर आहे. ड्रमलो यांच्या निकषानुसार बंधन पक्के आहे. परंतु ते तोंडाने कधीच उच्चारले जात नाही. अफूच्या आहारी गेलेली मॉली नववर्षाच्या आदल्या रात्री मुलीला कडेवर घेऊन रॅव्हेलोकडे निघते, बर्फात कोसळते आणि मरते. मूल उजेडाच्या रोखाने चालत सायलसच्या उघड्या दारातून आत येते. त्या क्षणी सायलस दाराशी मूर्च्छेत उभा आहे.

दार उघडे का होते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. शेजाऱ्यांनी त्या दिवशी त्याला सांगितले होते की आज जुने वर्ष सरते, रात्री जागे राहून चर्चच्या घंटा ऐकाव्यात, ते शुभ असते, कोण जाणे, पैसेही परत येतील. ही चेष्टाच होती, पण मायेची. या बोलण्याने अस्वस्थ होऊन सायलस वारंवार दार उघडून बाहेर पाहत राहतो. नियतीचा हात म्हणून ज्या घटनेकडे बोट दाखवले जाते, तिला शेजाऱ्यांच्या रिकाम्या गप्पांनी अशी वाट करून दिलेली आहे.

पुढे मुलीचे नामकरण होते. सायलस आपल्या आईचे आणि धाकट्या बहिणीचे हेफ्झिबा हे नाव सुचवतो. डॉलीला ते जड वाटते. बहिणीला एपी म्हणत असत हे कळल्यावर तिची अडचण दूर होते. लँटर्न यार्डचा एक शब्द रॅव्हेलोच्या तोंडात बसेल एवढा लहान होऊन तेथे रुजतो. मुलांना वळण लावण्यासाठी कोळशाच्या कोठीत कोंडण्याचा डॉलीचा सल्ला सायलस अमलात आणतो. मुलीला ती शिक्षा हा खेळच वाटतो, आणि उपाय कायमचा बाद होतो. शेजारणीचा सल्ला चुकू शकतो, आणि चुकल्याने शेजार मोडत नाही. लँटर्न यार्डमध्ये एका चुकीने सारे मोडले होते.

सोळा वर्षांनी गॉडफ्री आपली पत्नी नॅन्सी हिच्यासह येतो आणि आपण एपीचे जन्मदाते असल्याचे सांगतो. त्याचे विधान सत्य आहे. पण सायलसचे उत्तर सत्यासत्याच्या पातळीवर नाहीच. बोलता येऊ लागल्यापासून मुलगी 'बाप' हा शब्द कोणाला उद्देशून वापरीत आली, एवढेच तो दाखवून देतो. नात्यातील शब्दाचा अर्थ वंशावळीत नसून सोळा वर्षांच्या हाकेत आहे, असा हा युक्तिवाद आहे. निर्णय एपी देते, आणि ती सायलसच्या बाजूने देते. मॅसीच्या प्रश्नाचे कादंबरीला सापडलेले उत्तर हेच. नोंद बांधीत नाही, कारण ती न बोलताही राहू शकते. निखळ अर्थही बांधीत नाही, कारण तो चुकला की सारेच चुकते. बांधतो तो शब्द, पण एकदाच उच्चारलेला नव्हे. दिवसेंदिवस कृतीच्या सोबतीने वापरात राहिलेला शब्द.

६

ही व्यवस्था निर्दोष आहे असा दावा करणे मात्र कादंबरीवर अन्याय करणारे ठरेल. शेजाराची भाषा जशी जोडते तशी वगळतेही. सॅली ओट्सला हृदयविकार आणि सूज होती. सायलसने तिला फॉक्सग्लोव्हचा काढा देऊन बरे केले. त्याबरोबर गावाने त्याला मांत्रिक ठरवले आणि लोक मंत्र-ताईत मागू लागले. त्याने खरे सांगून नकार दिला, तर दुरावा आणखी वाढला. चोरीनंतर तर गावाने केवळ बोलून बोलून एक चोर निर्माण केला : कानात बाळ्या घातलेला फेरीवाला. त्या बाळ्या कोणी पाहिल्या होत्या याचा पत्ता नाही. प्रश्न विचारला गेला आणि उत्तरे तयार झाली. तो फेरीवाला कधी सापडला असता तर रॅव्हेलोच्या न्यायसभेत आणि लँटर्न यार्डच्या चिठ्ठ्यांत फारसा फरक उरला नसता. खरा चोर, गॉडफ्रीचा भाऊ डन्स्टन, याचा सांगाडा सोळा वर्षांनी खाणीतील पाणी ओसरल्यावर सोन्यासह सापडतो, तोपर्यंत संशय त्या अनोळखी माणसावरच राहतो. जो शेजारी नाही त्याला शेजाराच्या भाषेत जागा नाही.

याहून गंभीर उदाहरण मॉलीचे. तिच्या मृत्यूची बातमी गावाला क्षणभर हलवते. एका अनोळखी भिकारणीचे दफन होते आणि विषय संपतो. तिच्याशी कादंबरीत कोणीही एक शब्द बोलत नाही. सायलसला जे मिळाले ते तिला मिळाले असते का, हा प्रश्न कादंबरी स्पष्टपणे विचारीत नाही. ती पंधरा वर्षे गावच्या कडेला राहिली नव्हती, गावासाठी तिने कापड विणले नव्हते. शेजाराला वेळ लागतो, आणि मॉलीजवळ एकच रात्र होती. लेखिकेच्या दृष्टीची ही मर्यादा म्हणावी की शेजार या संस्थेचीच, याचा निर्णय करताना टीकाकाराने घाई करू नये. पण ते रिकामे स्थान न पाहता कादंबरीच्या मांगल्याचे गोडवे गाणे म्हणजे रॅव्हेलोप्रमाणेच तिला मूठमाती देऊन मोकळे होणे होय.

७

शेवटी सायलस एपीला घेऊन लँटर्न यार्डचा शोध घेण्यासाठी त्या शहरात जातो. आपण निर्दोष होतो हे कळावे, चिठ्ठ्या खोट्या का निघाल्या हे विचारावे, एवढीच त्याची इच्छा. पण लँटर्न यार्ड नाहीसे झाले आहे. तेथे कारखाना उभा आहे आणि विचारावे असा कोणीही उरलेला नाही. अर्थासाठी केलेला हा एकमेव प्रवास रिकाम्या हाताने संपतो. परत आल्यावर सायलस ही हकीकत डॉलीला सांगतो. तिच्याजवळही उलगडा नाही. या चिठ्ठ्यांविषयी ती दोघे यापूर्वी अनेकदा बोलली आहेत. एकमेकांचे शब्द समजून घेण्यात त्यांची वर्षे गेली आहेत. एका शेजारणीच्या आजारपणात तिच्या उशाशी बसलेली असताना डॉलीला एकदा वाटून गेले होते की आपल्याला कळते त्याहून अधिक काही चांगले असले पाहिजे आणि आपण विश्वास ठेवावा. सायलस त्या विश्वासाशी येऊन थांबतो. लक्षात घेण्यासारखे हे की हा विश्वास प्रवचनातून आलेला नाही, ग्रंथातून आलेला नाही. तो दोन शेजाऱ्यांच्या सोळा वर्षांच्या अडखळत्या संभाषणातून आला आहे. लुडविग फॉयरबाखच्या धर्मचिकित्सेचा अनुवाद ज्या लेखिकेने १८५४ साली स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला, तिला धर्माचे सार माणसामाणसांतील नात्यात दिसावे हे स्वाभाविकच होते. परंतु ते सार तिने एका निरक्षर बाईच्या अपुऱ्या वाक्यांत ठेवले, हे तिच्यातील कादंबरीकर्त्रीचे श्रेय.

इंग्रजीतील शेजाऱ्याचा वाचक शब्द व्युत्पत्तीने 'जवळ राहणारा' एवढेच सांगतो. मराठीने त्याला 'शेजारधर्म' हा समास जोडून दिला, आणि जवळ राहणे हे कर्तव्याचे कारण होऊ शकते असे मान्य केले. 'सायलस मार्नर'चे सारे कथानक या दोन शब्दांमधील अंतर तोडण्यात खर्ची पडले आहे. सायलस पंधरा वर्षे केवळ जवळ राहत होता. डॉली ज्या दिवशी न वाचता येणारी अक्षरे टोचलेले केक घेऊन त्याच्या दारी आली, त्या दिवशी त्याला प्रथम शेजार मिळाला. त्या अक्षरांचा अर्थ दोघांनाही शेवटपर्यंत कळला नाही, आणि त्यावाचून दोघांचेही काही अडले नाही.